वार पाळणाऱ्यांचं प्रोटीन

मुंबईच्या उपनगरांतल्या बहुतेक मराठी घरांत मांसाहार वारांवर चालतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यांतूनही संकष्टी, एकादशी, पुरा श्रावण, गणपती, नवरात्र वजा केलं की ‘आम्ही नॉनव्हेज खाणारे’ म्हणवणाऱ्या घरातही वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस स्वयंपाक शाकाहारीच होतो. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. उरलेल्या साठ टक्क्यांत हे वार पाळणारेही आले.

मांसातलं प्रोटीन चांगलं की डाळीतलं, हा वाद अंधेरीच्या जिममध्ये, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सकाळच्या फेरीत आणि मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सतत चालू असतो. एका बाजूला ‘घासफूस खाऊन बॉडी होत नाही’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘मांसाने हृदय जातं, कॅन्सर होतो’ म्हणणारे. वार पाळणारा माणूस या भांडणात कुठेच नसतो. माझं मत आधीच मांडलेलं बरं: संशोधन जितकं पाहावं तितकं असं दिसतं, की स्नायूंच्या दृष्टीने मांस की डाळ हा प्रश्न लोकांना वाटतो त्याहून फार लहान आहे आणि रोज किती, हा प्रश्न फार मोठा आहे. या मोठ्या प्रश्नात आपल्याकडचे शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही सारखेच कमी पडतात.

रविवारच्या चिकनचा हिशेब करून पाहा. पाच माणसांच्या घरात एक किलो चिकन येतं. हाडं वजा जाता साडेसहाशे-सातशे ग्रॅम मांस उरतं, त्यात साधारण १३० ते १४० ग्रॅम प्रथिनं. माणशी २७ ग्रॅम. आठवड्यावर पसरली तर दिवसाला चार ग्रॅम. बुधवारी अर्धा किलो बांगडे आणले, तर दिवसाला आणखी दीड-दोन ग्रॅम. शुक्रवारी प्रत्येकी दोन अंड्यांचा पोळा, म्हणजे तेवढेच पुन्हा. सगळं मिळून दिवसाला सात-आठ ग्रॅम. ज्या आहारावर आपण ‘प्रोटीनवाला’ असा शिक्का मारतो, त्यातला मांस-मासे-अंड्यांचा वाटा इतकाच. बाकी सगळा भार पोळी, भात आणि वाटीभर पातळ वरणावर. त्या वाटीत पंचवीस-तीस ग्रॅम कोरडी डाळ असेल तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाहुणे आले म्हणून पाणी वाढवलं असेल तर त्याहून कमी.

गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर आकडा वाढतो. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवण्याचा फायदा दिसला, पुढे जवळजवळ नाही. पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वंही १.६च्या पुढे जाण्यात अर्थ नाही असंच सांगतात, आणि पावडरींपासून दूर राहायला सांगतात. जिममध्ये ट्रेनर ‘किलोला दोन ग्रॅम, अडीच ग्रॅम’ सांगतात, त्याला आधार कमी आहे. आणि रोज सकाळी उद्यानात तासभर चालणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला १.६चीही गरज नाही. किलोमागे एक ग्रॅम नेमाने मिळालं तरी त्याचं भागेल.

या विषयाला एक जुना मराठी धागा आहे, तो आज कुणाला फारसा आठवत नाही. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचं संकट येऊ घातल्याचा इशारा देणारा अहवाल काढला होता. गरीब देशांना प्रथिनांची पावडर, माशांचं पीठ पुरवण्याच्या योजना त्यातून निघाल्या. या मताला ज्यांनी आकडेवारीने विरोध केला त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक होते. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच कमी पडतं. धान्य आणि डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनांची वेगळी चिंता करावी लागत नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रोटीनच्या या साऱ्या मोहिमेला मोठी फसगत ठरवलं, आणि जगाने तो विषय बाजूला ठेवला.

सुखात्मे यांचं म्हणणं त्या काळाला धरून योग्य होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कष्ट करणारा माणूस होता. शेतात दिवसभर राबणारा माणूस सहाशे ग्रॅम ज्वारीच्या भाकऱ्या खातो, आणि ज्वारीत शेकडा दहा ग्रॅम प्रथिनं असल्याने निव्वळ भाकरीतूनच त्याला साठ ग्रॅम मिळतात. बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने जाणारा आणि दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस तेवढं खाऊच शकत नाही. खाल्लं तर पोट सुटेल. त्याच्या अंगाला कॅलरी कमी लागतात, प्रथिनं मात्र पूर्वीइतकीच लागतात. म्हणून त्याच्या ताटात प्रथिनांचा वाटा वाढायला हवा होता. तो वाढला नाही. उलट भाताच्या ढिगाला बिस्किटं, फरसाण आणि गोड चहा येऊन मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२५ मधल्या निष्कर्षांनुसार आपल्या आहारातल्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून सरासरी १२ टक्के.

दुसरा बदल प्रयोगशाळेतून आला. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली नऊ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांच्यात लायसिन कमी. डाळींत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. वरण-भात, खिचडी, इडली-सांबार, थालीपीठ ही जोडणी आपल्या आजी-पणजींनी कोणताही तक्ता न पाहता बसवली होती. मात्र माणसाला लायसिन किती लागतं याचा १९८५चा अंदाज होता किलोमागे १२ मिलिग्रॅम. २००७ मध्ये तो ३० मिलिग्रॅमवर नेला गेला. या दुरुस्तीमागच्या संशोधनात बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या डॉ. अनुरा कुर्पाड यांचा मोठा हात आहे. गरज अडीचपट झाल्यावर धान्यावर भिस्त असलेलं आपलं ताट एकदम तोकडं दिसू लागलं. उपाय मात्र साधा आहे. कोरड्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ किंवा कडधान्य पडलं, की दोघांची उणीव भरून निघते. आपल्या घरांत हे प्रमाण किती असतं, ते महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरून पाच मिनिटांत कळेल. पंधरा किलो गहू-तांदळाला पाच किलो डाळी आणि कडधान्यं येत असतील तर ठीक. बहुतेक यादीत दोन-अडीच किलो सापडतील.

मांसाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो मान्य केला पाहिजे. पचनाचा. कुर्पाड यांच्याच गटाने समस्थानिकं वापरून मोजलं, की उकडलेल्या अंड्यातली आवश्यक अमिनो आम्लं साधारण ९० टक्के पचतात, कोंबडीच्या मांसातली थोडी जास्तच. अख्ख्या मुगातली सुमारे ६३ टक्के. सालं काढलेल्या मुगाचा आकडा ७१च्या आसपास गेला. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की डाळीतून मिळणारी वीस ग्रॅम प्रथिनं आणि चिकनमधली वीस ग्रॅम यांचा भाव सारखा नाही. डाळ दीडपट घ्यावी लागेल. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं, कुकरमध्ये नीट शिजवणं यांनी पचन सुधारतं, लोह आणि जस्ताला अडवणारं फायटिक आम्लही घटतं. मटकीला मोड आणायला दीड दिवस लागतो म्हणून घाईच्या घरांतून उसळ कमी होत गेली. माझ्या मते उपनगरी स्वयंपाकघराचं गेल्या तीस वर्षांतलं हे सर्वांत महागडं नुकसान आहे.

आता स्नायूंचा सरळ सामना. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठात १९ कट्टर वनस्पत्याहारी आणि १९ मिश्राहारी तरुणांना बारा आठवडे पायांचा व्यायाम करायला लावला. दोन्ही गटांना किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं मिळतील अशी व्यवस्था होती. एका गटाला वरची भर सोयाची, दुसऱ्याला दुधातल्या व्हे प्रथिनांची. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ताकद आणि स्नायूंची वाढ दोन्हीकडे सारखी. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने नऊ दिवसांचा प्रयोग करून स्नायूंत नवी प्रथिनं बनण्याचा वेग थेट मोजला. तिथेही फरक आढळला नाही. हे प्रयोग छोटे आहेत आणि तरुण, निरोगी माणसांवर केलेले आहेत. साठीच्या पुढच्यांबद्दल किंवा एकूण खाणंच कमी असलेल्यांबद्दल त्यांवरून छातीठोकपणे बोलता येणार नाही. पण ‘मांसाशिवाय बॉडी होत नाही’ हे विधान त्यांनी पुरतं मोडीत काढलं आहे.

व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, हा दुसरा हट्ट. दिवसाची एकूण प्रथिनं सारखी असतील तर वेळेचा परिणाम नगण्य ठरतो, असं २०१३च्या आढाव्यात दिसलं होतं. २०२३ मध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी तर एका बैठकीत शंभर ग्रॅम प्रथिनं दिली आणि शरीर ती बारा तासांहून अधिक काळ वापरत राहतं असं दाखवलं. घाटकोपर आणि मुलुंडमधल्या जैन तरुणांना हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. चौविहार पाळणारा मुलगा ऑफिसातून परतून रात्री आठला जिमला जातो, तोवर सूर्यास्त होऊन गेलेला असतो आणि खाणं बंद. ‘आपली मेहनत वाया जाते’ ही त्याची रुखरुख अनाठायी आहे. दिवसाउजेडी पुरेसं खाल्लं असेल तर त्याचे स्नायू वाढतात.

सत्तर किलोच्या व्यायाम करणाऱ्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास लागतात. शाकाहारी ताटात ते बसतं का? दीडशे ग्रॅम कणीक आणि साठ ग्रॅम तांदूळ यांतून वीस. साठ ग्रॅम डाळीचं घट्ट वरण चौदा. पन्नास ग्रॅम मटकीची उसळ अकरा. पाऊण कप दही आणि पेलाभर दूध मिळून चौदा. मूठभर शेंगदाणे सात. शंभर ग्रॅम पनीर अठरा. चाळीस ग्रॅम सोया चंक्स वीस. बेरीज १०४ होते आणि कॅलरी तेल धरून दोन हजारांच्या थोड्या वर. बसतं, पण आपोआप बसत नाही. सोया किंवा पनीर काढलं की कोसळतं. मांसाहाराच्या दिवशी दोनशे ग्रॅम चिकन आणि तीन अंडी यांतच साठ-बासष्ट ग्रॅम येऊन जातात. मांसाचा खरा फायदा हा सोपेपणाचा आहे, आणि वजन उतरवणाऱ्याला तो उपयोगी पडतो. पैशांचं गणित मात्र उलटं जातं. सोया चंक्समधलं एक ग्रॅम प्रोटीन साधारण अर्ध्या रुपयाला पडतं, अंड्यातलं रुपया-सव्वा रुपयाला, चिकन ब्रेस्ट आणि पनीरमधलं दोनच्या आसपास, व्हेचं तीन-चार रुपयांना.

सोयाबद्दल तरुणांच्या मनात भीती आहे, की त्याने पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन घटतं. पुरुषांवरच्या प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यांत असा परिणाम आढळलेला नाही. आणि जरा मागे वळून पाहिलं तर चिकन हेही बरंचसं सोयाच असतं. लातूर, वाशिम, अकोल्याकडचं सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं, तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबडीखाद्यात जाते, आणि दीड-पावणेदोन किलो खाद्यातून किलोभर वजनाची जिवंत कोंबडी तयार होते. मराठवाडा-विदर्भाच्या शेतात पिकलेलं प्रोटीन अंधेरीच्या ताटात दोन वाटांनी येतं. थेट वाटेने आलं तर स्वस्त पडतं.

पावडरींबद्दल थोडक्यात. व्हे ही दुधाच्या निवळीतली प्रथिनं आहेत, ती शाकाहारीच आहेत, आणि चांगल्या प्रतीची असतील तर उत्तम पचतात. प्रश्न प्रतीचा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. १४ टक्क्यांत बुरशीचं विष, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. ज्यांच्या ताटात पुरेसं आहे त्यांनी हा धोका का घ्यावा?

आता आरोग्याची बाजू, आणि इथे प्रकरण गुंतागुंतीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. मटणासारखं लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरलं. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम लाल मांस, त्याहून जास्त नको, असा आहे. महिन्यातून दोनदा मटण आणणारं मराठी घर या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. लोखंडवालाच्या कॅफेत रोज नाश्त्याला चिकन सॉसेज मागवणाऱ्याने मात्र या आकड्यांकडे गांभीर्याने पाहावं. ‘चिकनचं आहे, चालतं’ ही पळवाट आहे.

ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांचा अठरा वर्षं पाठपुरावा झाला. २०१९च्या त्या निष्कर्षांत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण मेंदूच्या झटक्याचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त. त्याच पाहणीत पुढच्या वर्षी दिसलं, की दूधही न घेणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त आहे. दोन्ही बाजू आपापला अर्धा आकडा उचलून फिरवतात. शिवाय तिथला शाकाहारी माणूस आरोग्याच्या विचाराने शाकाहारी झालेला असतो. भाज्या, डाळी मोजून खातो, सिगारेट ओढत नाही. आपल्याकडचा शाकाहारी जन्माने शाकाहारी असतो. त्याच्या ताटात मैदा, साखर, तळलेला गाठिया आणि साबुदाण्याची खिचडी हेही शाकाहारीच असतं. म्हणून परदेशी आकडे उचलून घाटकोपरच्या ताटाला लावता येत नाहीत. आपल्या उपयोगाचा निष्कर्ष त्या मधुमेह पाहणीतच आहे: कर्बोदकांतल्या थोड्या कॅलरी कमी करून त्या जागी डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांची प्रथिनं आली, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते.

आपली शरीरंही वेगळी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हे खरं, पण बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे याज्ञिक यांच्या कामातून नवजात बाळांपर्यंत दिसून आलं आहे. अशा शरीराला वजनकाट्यापेक्षा स्नायूंची काळजी जास्त करायला हवी. त्यासाठी प्रथिनं लागतात आणि त्यांच्याबरोबर वजनं उचलणंही लागतं. नुसतं चालणं पुरत नाही.

याज्ञिक यांच्याच गटाने बी-१२ जीवनसत्त्वावर केलेलं काम शाकाहाराच्या प्रत्येक समर्थकाने वाचायला हवं. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के. शाकाहाऱ्यांमध्ये ते कमी असण्याची शक्यता मांसाहाऱ्यांच्या ४.४ पट. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरणं, रक्तक्षय, रक्तातलं होमोसिस्टीन वाढणं ही त्याची फळं. डाळ कितीही खाल्ली तरी बी-१२ मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतच असतं. रोज नेमाने दूध-दही घेणाऱ्याला काही प्रमाणात मिळतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांत ते आणखी घटतं, आणि मुलुंड-बोरिवलीच्या प्रत्येक मजल्यावर अशी माणसं आहेत. शाकाहाराच्या बाजूची ही एकच उणीव खरोखर गंभीर आहे, आणि गोळीने ती भरून निघते. तरीही ‘आपल्या पारंपरिक आहारात सगळं आहे’ या अभिमानापायी लोक तपासणी टाळतात.

मांसाहाऱ्यांमध्येही सर्वांत सुदैवी तो, ज्याच्या घरी लहान मासे येतात. वर्सोवा, मढ, गोराईच्या कोळीवाड्यांनी या शहराला बांगडा, तारली, बोंबील, जवळा खायला शिकवलं. तारली-बांगड्यात ओमेगा-३ मेदाम्लं भरपूर, आणि ती जवस-अक्रोडातल्यापेक्षा शरीराला अधिक थेट वापरता येतात. ताज्या बोंबलात पाणीच जास्त, पण सुकवल्यावर तोच प्रथिनांचा गठ्ठा होतो. जवळा अख्खा खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही देतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात सुकटीवर घर चालवण्याची रीत प्रथिनांच्या दृष्टीने शहाणपणाची होती. मीठ मात्र त्यात फार. रक्तदाब असणाऱ्याने ते नीट धुऊन, बेताने घ्यावं. आज प्रतिष्ठा सुरमई आणि पापलेटला आहे. सुरमई, मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गरोदर बाईसाठी आणि मुलांसाठी चौथ्या हिश्शाच्या भावाची तारली अधिक चांगली.

याच उपनगरांत एप्रिल २०२५ मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत मराठी कुटुंबांच्या मांस-मासे खाण्यावरून वाद होऊन राजकीय कार्यकर्ते दारात आले होते. २०१५ मध्ये पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीचा तंटा मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. खाण्यावरून घर नाकारणं हा अन्याय आहे आणि त्याला विरोध झालाच पाहिजे. पण या भांडणाचा आरोग्याला झालेला तोटा कुणी मोजत नाही. एकमेकांच्या ताटाकडे आपण फक्त संशयाने पाहतो. हरभऱ्याच्या डाळीचं खमण, डाळ-तांदूळ आंबवून भाजलेला हांडवो, मुगाचे चिले हे शेजारच्या गुजराती घरातलं उत्तम प्रोटीन आहे, आणि सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या मराठी घराला नेमकं तेच हवं आहे. त्यांना आपली मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं हवं आहे. आठवड्यातले चार दिवस आपण सगळे शाकाहारीच असतो, हे ध्यानात ठेवून त्या चार दिवसांचा स्वयंपाक आखला पाहिजे. रविवारचं चिकन सोमवारच्या वरणाला वाचवू शकत नाही.

मुंबईतच झालेला एक प्रयोग इथे आठवतो. २००६ पासून शहरातल्या झोपडपट्ट्यांमधल्या साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून रोज एक छोटा पदार्थ दिला गेला. निम्म्या जणींच्या पदार्थात पालेभाजी, फळं आणि दूध होतं; उरलेल्यांच्या पदार्थात या गोष्टी जेमतेम. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांच्या या कामात गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के दिसला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. मांसाचा तुकडाही न घालता, समोशाएवढ्या पदार्थाने.

आणि स्त्रियांचाच विषय निघाला आहे तर, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं. प्रोटीनची सगळी चर्चा जिममधल्या मुलाभोवती फिरते. त्याच्यासाठी अंड्यांचा ट्रे येतो, चिकन ब्रेस्ट वेगळं उकडलं जातं. त्याच घरात आई शेवटी जेवते: उरलेला रस्सा, भात, आणि त्यावर लगेच चहा, जो डाळ-भाजीतलं लोह शोषू देत नाही. साठीनंतर स्नायू झपाट्याने झडतात; पडणं, खुब्याचं हाड मोडणं, खाटेला खिळणं हे सगळं तिथून सुरू होतं. वयस्कांच्या पोषणावर काम करणाऱ्या तज्ज्ञगटांनी २०१३ मध्येच त्यांच्यासाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. पंचावन्न किलोच्या आजीला साठ ग्रॅम लागतात, आणि तिच्या ताटात बहुधा तीसही नसतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. इतरांना घाबरण्याचं कारण नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की या आठवड्यात घरातल्या सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचं बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तिच्या ताटात सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, वर लिंबू, आणि वाटीभर दही पडतंय का ते पाहा. ती खात असेल तर एक अंडं किंवा माशाची तुकडी तिच्यासाठी आधी काढून ठेवा.